आर्थिक सुधारणांनी आपल्या जिल्ह्यातल्या दवाखान्याचं, शाळेचं, रेशनचं आणि लोकसंख्येचं काय केलं, हे कसं तपासायचं?

‘१९९१ नंतर सरकारी दवाखाने ओस पडले’ आणि ‘१९९१ नंतरच बालमृत्यू एवढे कमी झाले’, ही दोन्ही वाक्यं एकाच सभेत तितक्याच जोरात बोलली जातात. दोन्ही बाजूंकडे आकडे असतात. दोन्ही बाजू धोरणावरून थेट माणसांच्या जगण्या-मरण्यावर उडी मारतात आणि मधला रस्ता गाळतात. तो रस्ता आपल्या जिल्ह्यापुरता स्वतः चालून पाहायचा असेल, तर पत्रकारांना, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना आणि आरोग्य-शिक्षण-रेशनवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ही पद्धत उपयोगी पडेल.

रस्त्यात चार टप्पे आहेत. आधी सरकारी पैसा बदलतो. मग सेवा बदलते: औषध, शिक्षक, धान्य. मग घर त्यावर काहीतरी करतं: कर्ज काढतं, उपचार टाळतं, मुलीची शाळा सोडवतं, शहराची वाट धरतं. या सगळ्याचा ठसा जन्म, मृत्यू आणि स्थलांतराच्या आकड्यांत सर्वांत शेवटी आणि सर्वांत पुसट उमटतो. म्हणून नियम एकच ठेवा: मधल्या टप्प्याचा पुरावा हातात नसेल, तर पुढच्या टप्प्याबद्दल दावा करायचा नाही.

आधी तारखांचा तक्ता करा

मोठा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे सुधारणांच्या तारखा, उजवीकडे त्याच काळात पण वेगळ्या कारणांनी घडलेल्या गोष्टी.

डावीकडे साधारण हे येईल. १ आणि ३ जुलै १९९१: रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन. २४ जुलै १९९१: मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प, वित्तीय तूट कमी करण्याचं उद्दिष्ट, खतांच्या किमतींत वाढ. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेची कर्जं. १९९५: औषध किंमत नियंत्रणाचा नवा आदेश. जून १९९७: सरसकट रेशनऐवजी लक्ष्याधारित रेशन, म्हणजे स्वस्त धान्य मुख्यतः गरीब ठरवलेल्या कुटुंबांना. १ मे १९९९: महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी शिधापत्रिका. २००५: राज्याच्या तुटीला लगाम घालणारा राजकोषीय उत्तरदायित्व कायदा. आणि २००५ मध्येच उलट दिशेचं पाऊल, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान.

उजवीकडचा रकाना भरायला लोक कंटाळतात, पण चुकीचे निष्कर्ष तिथेच अडतात. मुंबईतला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, म्हणजे गिरणगाव रिकामं व्हायला लागलं ते १९९१ च्या बरंच आधी. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना राज्यात १९८३ पासून वाट मोकळी झाली. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ चा. औषधांच्या किमतींवरचं नियंत्रणही १९९१ च्या आधीच सैल होऊ लागलं होतं: १९७९ च्या आदेशाखाली ३४७ औषधं होती, १९८७ मध्ये १४२ उरली, १९९५ मध्ये ७४. पाचव्या वेतन आयोगाची वेतनवाढ १ जानेवारी १९९६ पासून लागू धरली गेली आणि त्या ओझ्याने राज्यांच्या तिजोऱ्या वाकल्या. एप्रिल १९९६ पासून कुटुंबनियोजनाची ठरवून दिलेली उद्दिष्टं रद्द झाली. तुमच्या जिल्ह्यात १९९६-९७ मध्ये नसबंदीचे आकडे घसरलेले दिसले, तर कपातीला दोष देण्याआधी ही नोंद पाहा.

आणखी एक गोष्ट. आरोग्य हा राज्याचा विषय. शिक्षण समवर्ती सूचीत असलं तरी शाळा चालवण्याचा बहुतेक खर्च राज्याच्याच तिजोरीतून होतो. त्यामुळे दिल्लीतली १९९१ ची तारीख तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत त्याच वर्षी पोचत नाही. महाराष्ट्रात खरी ओढाताण नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शोधा. नोकरभरती थांबणं, शिक्षणसेवकांची मानधनावरची नेमणूक, कंत्राटी पदं हे सगळं त्या काळातलं आहे.

पैसा: अर्थसंकल्पाचं पुस्तक कसं वाचायचं

राज्याच्या अर्थसंकल्पात खर्च लेखाशीर्षाखाली मांडलेला असतो. तुम्हाला लागतील ती प्रमुख शीर्षं: २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२११ कुटुंब कल्याण, २२०२ सर्वसाधारण शिक्षण, २२१५ पाणीपुरवठा व स्वच्छता, २२३५ सामाजिक सुरक्षा, २२३६ पोषण आहार. पहिला अंक २ असेल तर महसुली, म्हणजे रोजचा चालू खर्च; ४ असेल तर भांडवली, म्हणजे इमारती-यंत्रांसारख्या टिकाऊ गोष्टींवरचा. म्हणजे दवाखान्याची इमारत ४२१० मध्ये सापडेल.

प्रत्येक शीर्षासमोर वेगवेगळ्या वर्षांचे रकाने असतात: प्रत्यक्ष खर्च, सुधारित अंदाज, अर्थसंकल्पीय अंदाज. बातम्या अर्थसंकल्पीय अंदाजावर होतात, अभ्यास प्रत्यक्ष खर्चावर करा. कपात बहुतेक वेळा जाहीर होत नाही. मार्चमध्ये तरतूद होते, वर्षभर निधी तुकड्या-तुकड्यांनी सुटतो आणि मार्चअखेरीस उरलेला परत जातो. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक सलग दहा वर्षं मांडला की कपातीची खरी रेषा दिसते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या विनियोजन लेख्यांत न वापरलेल्या रकमा वेगळ्या दाखवलेल्या असतात.

मग तीन चाळण्या लावा.

पहिली महागाईची आणि डोक्यांची. समजा, जिल्ह्याचा औषधखर्च पाच वर्षांत ४० लाखांवरून ५२ लाखांवर गेला. कागदावर ३० टक्के वाढ. या काळात किमती १.४ पट झाल्या असतील, तर ५२ भागिले १.४ म्हणजे जुन्या भावाने ३७.१ लाख. लोकसंख्या २० लाखांवरून २२.२ लाख झाली असेल, तर माणशी २ रुपयांचे १ रुपया ६७ पैसे झाले. म्हणजे १६ टक्के घट. मंत्र्यांची ‘वाढ’ आणि कार्यकर्त्यांची ‘कपात’ दोन्ही एकाच आकड्यातून निघतात, त्या अशा.

दुसरी चाळणी पगाराची. एकूण खर्च शाबूत दिसतो, पण आतला भाग सरकतो. आधी १०० रुपयांतले ७० पगाराचे होते, वेतनवाढीनंतर एकूण १०८ झाले आणि त्यातले ८५ पगाराला गेले, तर औषधं, डिझेल, दुरुस्ती, प्रयोगशाळेचं सामान यांना ३० ऐवजी २३ उरतात. डॉक्टर आहे पण गोळ्या नाहीत, गाडी आहे पण डिझेल नाही, ही अवस्था इथून येते. त्यामुळे वेतन, सामग्री व पुरवठा आणि सहायक अनुदान हे उपभाग वेगळे काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी चाळणी पैशाच्या वाटेची, आणि इथे जाणकारही घसरतात. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि सर्व शिक्षा अभियान यांचा केंद्राचा पैसा २०१३-१४ पर्यंत राज्याच्या तिजोरीबाहेरून, थेट या योजना चालवणाऱ्या राज्यस्तरीय सोसायट्यांकडे जात होता. २०१४-१५ पासून तो राज्याच्या तिजोरीतून येऊ लागला. त्यामुळे राज्याच्या पुस्तकात त्या वर्षी आरोग्यखर्चाने उडी मारलेली दिसते. ती उडी बरीचशी हिशेबाच्या पद्धतीची आहे. २००५ ते २०१४ चे सोसायट्यांचे वार्षिक लेखे जोडून घेतले नाहीत, तर आधीचा काळ उगाच गरीब आणि नंतरचा उगाच श्रीमंत दिसेल.

सेवा: दवाखान्याच्या नोंदवह्या

आता तालुका निवडा. मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजार आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र, हा निकष. जनगणनेच्या लोकसंख्येला या आकड्याने भागा आणि प्रत्यक्षात किती केंद्रं आहेत ते शेजारी लिहा. मग मंजूर पदं आणि भरलेली पदं, आणि भरलेल्यांत कायम किती, कंत्राटी किती. वैद्यकीय अधिकाऱ्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आरोग्यसेविका यांची रिक्त पदं जास्त बोलकी असतात.

केंद्रात तीन वह्या मागा: बाह्यरुग्ण नोंदवही, औषधसाठा नोंदवही, प्रसूती नोंदवही. साठा नोंदवहीतून दहा रोजच्या वस्तू घ्या. उदाहरणार्थ पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, ओआरएसची पाकिटं, लोहाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन, ऑक्सिटोसिन, सर्पदंशाची लस, रेबीजची लस, सलाइन. प्रत्येकीसाठी वर्षातले किती दिवस शिल्लक शून्य होती ते मोजा. ‘औषधांचा तुटवडा’ या ढोबळ शब्दाऐवजी ‘सर्पदंशाची लस जून ते सप्टेंबरमधले ४१ दिवस नव्हती’ असं वाक्य तुमच्या हाती लागेल, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं.

जुन्या वह्या मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात नमुना ‘अ’, शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. त्यामुळे पद, साठा आणि निधी यांचे तीन वेगळे अर्ज करा. ‘औषधांची परिस्थिती काय’ असं विचारलंत तर मोघम उत्तर येईल. ‘अमुक केंद्राच्या साठा नोंदवहीची अमुक वर्षाची छायांकित प्रत’ असं मागा. मुदत ३० दिवसांची, त्यानंतर पहिलं अपील.

फीचा परिणाम तपासण्याची एक संधी सध्या आपल्याकडे आयती आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतलं केस पेपर आणि तपासण्यांचं शुल्क १५ ऑगस्ट २०२३ पासून बंद झालं. आधीची बारा आणि नंतरची बारा महिन्यांची हजेरी घ्या, पण महिन्याची त्याच महिन्याशी तुलना करा. पावसाळ्यात तापाचे रुग्ण नेहमीच वाढतात. जुलैची मार्चशी तुलना केली तर डासांनी वाढवलेल्या गर्दीचं श्रेय फी बंद होण्याला जाईल. २०२० पासून २०२२ च्या मध्यापर्यंतचा काळ आधार म्हणून धरू नका, कोविडने तो वाकडा केला आहे. एक बारकावाही पाहा: आधी रुग्णांची मोजणी पावती पुस्तकावरून होत असेल आणि आता नोंदवहीवरून, तर आकडा मोजणीमुळे बदललेला असू शकतो. लिपिकाला विचारून घ्या.

स्त्री-पुरुष वेगळे मोजायला विसरू नका. केनियाने सुधारणा कार्यक्रमाचा भाग म्हणून डिसेंबर १९८९ मध्ये सरकारी रुग्णालयांत बाह्यरुग्ण फी लावली आणि सप्टेंबर १९९० मध्ये ती मागे घेतली. नैरोबीच्या लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात त्या नऊ महिन्यांत पुरुषांची मासिक हजेरी आधीच्या ४० टक्क्यांवर आणि स्त्रियांची ६५ टक्क्यांवर आली. फी उठल्यावर स्त्रिया आधीपेक्षाही जास्त आल्या, पुरुष मात्र पूर्वीइतके परतलेच नाहीत. एचआयव्ही पसरत असताना ते उपचाराविना राहिले. एकूण बेरीज पाहिली असती तर हा फरक दिसलाच नसता.

रेशनचं तपासणं तुलनेने सोपं आहे, कारण नियम कागदावर स्पष्ट असतात. १९९९ मध्ये पिवळ्या शिधापत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५ हजार रुपये होती. एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरी. गावातल्या शंभर घरांची यादी करून कोणाला कुठली शिधापत्रिका मिळाली आणि त्या घरात जमीन, पक्कं घर, पगारदार माणूस आहे का, हे लिहा. श्रीमंताला पिवळी मिळाली यावर सगळे तुटून पडतात. त्यापेक्षा गरिबाला पिवळी नाकारली गेली ही चूक जास्त नुकसान करते, म्हणून दोन्ही चुका वेगळ्या मोजा. २००२ च्या मध्यावर देशाच्या गोदामांत ६ कोटी टनांहून जास्त धान्य पडून होतं, कारण दारिद्र्यरेषेवरच्यांसाठी भाव पूर्ण खर्चाइतके झाले आणि त्यांची उचल आटली. त्या ‘वरच्यां’त चुकून वर ढकललेले कितीतरी गरीब होते.

घर: इथे पुरावा सर्वांत पक्का असतो

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक फेऱ्या हा भारतातला सुधारणांच्या परिणामाचा सर्वांत बोलका दस्तऐवज आहे. १९८६-८७ मध्ये ग्रामीण भागात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के सरकारी रुग्णालयात जात. १९९५-९६ मध्ये ते प्रमाण ४४ वर आलं, २००४ मध्ये ४२ वर. शहरांत ६०, ४३ आणि ३८. आजार असूनही उपचार न घेणाऱ्या ग्रामीण लोकांपैकी ‘पैसे नव्हते’ हे कारण सांगणारे १९८६-८७ मध्ये १५ टक्के होते, १९९५-९६ मध्ये २४, २००४ मध्ये २८. साखळीच्या तिसऱ्या टप्प्यावरचा हा थेट पुरावा आहे, आणि तो गंभीर आहे.

तुमच्या गावात असंच विचारायचं असेल तर रुग्णालयात दाखल होण्याबद्दल मागचे ३६५ दिवस आणि किरकोळ आजाराबद्दल मागचे १५ दिवस विचारा. किरकोळ ताप वर्षभर कोणाच्या लक्षात राहत नाही. जुन्या आकड्यांशी तुलना करताना ही मुदत जुळते का ते आधी पाहा. १९८६-८७ च्या फेरीत किरकोळ आजारासाठी ३० दिवस विचारले होते. त्यामुळे आजारांचं प्रमाण सरळ जुळवता येत नाही. दाखल होण्याचे आकडे जुळवता येतात.

घरं निवडताना ओळखीची घेऊ नका. ४०० घरांच्या गावात १०० हवीत तर कुठल्यातरी एका टोकापासून प्रत्येक चौथं घर, वस्ती-पाड्यासकट. १०० घरांच्या नमुन्यात ५० टक्क्यांच्या आसपासचा आकडा दोन्हीकडे १० टक्क्यांनी हलू शकतो. ४०० घरं घेतलीत तर ५ टक्क्यांनी. ‘पैसे कुठून आणले?’ हा प्रश्न शेवटी आणि एकांतात विचारा: बचत, दागिने गहाण, बचतगट, सावकार, जनावर विकलं, मुकादमाची उचल. सासूसमोर सून गहाण टाकलेल्या मंगळसूत्राबद्दल बोलणार नाही. आणि ‘उपचार थांबवला का?’ असं न विचारता ‘डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांपैकी किती आणल्या?’ असं विचारा. मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्यांतल्या दहा दिवसांच्याच आणल्या, हे त्यातून कळतं.

लोकसंख्या: सर्वांत जास्त चुका इथे होतात

लोकसंख्येत बदल तीनच वाटांनी होतो: जन्म, मृत्यू आणि ये-जा. तिन्ही वेगळे काढा.

बालमृत्यूपासून सुरुवात करू. नमुना नोंदणी पद्धती या जन्म-मृत्यूंच्या सरकारी पाहणीनुसार देशाचा अर्भक मृत्युदर (हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं) १९८१ मध्ये ११०, १९९१ मध्ये ८०, २००१ मध्ये ६६ आणि २०११ मध्ये ४४ होता. दर तिन्ही दशकांत घटलाच आहे, म्हणून ‘सुधारणांनंतर बालमृत्यू वाढले’ हे वाक्य खोटं. पण वेग पाहा: पहिल्या दशकात २७ टक्के घट, नव्वदच्या दशकात १७.५ टक्के, त्यापुढे ३३ टक्के. मधे वेग मंदावला. प्रश्न असा विचारायचा: जुना वेग टिकला असता तर दर कुठे असता? ८० वरून २७ टक्के घटला असता तर २००१ मध्ये सुमारे ५८.

आता हेच महाराष्ट्राचं करा: ७९, ६०, ४५, २५. घट २४ टक्के, २५ टक्के, ४४ टक्के. इथे नव्वदच्या दशकात वेग मंदावलाच नाही! देशाच्या आकड्यावर उभी केलेली कहाणी आपल्या राज्यात लागू पडत नाही, आणि राज्याची कहाणी मेळघाट किंवा नंदुरबारला लागू पडेल याचीही खात्री नाही. म्हणूनच सरासरीवर समाधान मानू नका. शिवाय ऐंशीच्या दशकातल्या वेगात लसीकरणाचा वाटा होता. तो पहिला मोठा फायदा पदरात पडल्यावर उरलेले मृत्यू नवजात बाळांचे असतात आणि ते कमी करायला चालू स्थितीतलं प्रसूतिगृह लागतं. मंदावण्यात कपातीचा वाटा किती आणि या अवघड वळणाचा किती, हे फक्त दरांवरून सांगता येत नाही.

गावपातळीवर अर्भक मृत्युदर काढूच नका. १,५०० वस्तीच्या गावात हजारी १६ जन्मदराने वर्षाला २४ बाळं जन्मतात. एक दगावलं की दर ४२ होतो, एकही नाही तर शून्य. ३० हजार वस्तीच्या आरोग्य केंद्रातही वर्षाला ४८० जन्म आणि ८ मृत्यू धरले, तर केवळ योगायोगाने तो आकडा ३ किंवा १३ होऊ शकतो. पाच वर्षं एकत्र करा, २,४०० जन्म होतील, मग बोला. नोंदवही तपासताना अंगणवाडी, आशा आणि ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदी समोरासमोर लावा. बाईचं माहेर दुसऱ्या तालुक्यात असेल तर बाळाचा जन्म एका वहीत आणि मृत्यू कुठेच नाही, असं होतं.

जननदराबाबत काळाचं भान ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, मुलाखतीआधीच्या तीन वर्षांचा असतो. म्हणजे १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणातला महाराष्ट्राचा २.८६ हा आकडा बराचसा सुधारणांआधीचा. त्याला पायाभूत आकडा धरा. पुढे २.५२, २.११, १.८७ आणि २०१९-२१ मध्ये १.७१. ही उतरण सरळ आहे आणि १९९१ च्या आधीपासूनची आहे. गोव्याचा जननदर तर पहिल्याच सर्वेक्षणात १.९० होता, म्हणजे सुधारणांचा परिणाम पोचण्याआधीच गोवा प्रतिस्थापन पातळीखाली, म्हणजे लोकसंख्या जेमतेम टिकवणाऱ्या जननदराखाली, गेला होता. त्यामुळे ‘उदारीकरणाने कुटुंब लहान झालं’ हे विधान आपल्याकडे टिकत नाही. ज्या देशात धक्का अचानक आणि प्रचंड असतो तिथे चित्र वेगळं असतं: रशियात १९९० च्या सुमाराला १.९ असलेला जननदर १९९५ पर्यंत १.४ च्या खाली आला आणि पुरुषांचं सरासरी आयुर्मान चार वर्षांत सुमारे ६४ वरून ५८ च्या खाली घसरलं. तिथेही १९८५ च्या दारूविरोधी मोहिमेचा ओसरलेला परिणाम वेगळा काढावा लागतो.

आपल्याकडे सुधारणांच्या काळाचा ठसा जन्मांच्या संख्येपेक्षा मुलामुलींच्या प्रमाणात शोधा. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये एका दशकात ८९४ वरून ८०७. सोनोग्राफीची यंत्रं तालुक्याच्या खासगी दवाखान्यांत पोचली, खासगी वैद्यकीय व्यवसाय फारशा देखरेखीविना पसरला, आणि ‘दोनच मुलं, त्यातला एक मुलगा हवाच’ ही घरातली मागणी आधीच तयार होती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ चा, केंद्राचा १९९४ चा. म्हणजे कायदा होता, तरी घसरण झाली. तुमच्या तालुक्यात नोंदणीकृत सोनोग्राफी केंद्रांची वर्षवार संख्या आणि जन्मनोंदीतलं मुलींचं प्रमाण शेजारी मांडा. पहिल्या अपत्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या अपत्यात प्रमाण किती बिघडतं ते वेगळं काढा, खूण तिथे सापडते.

उरलं स्थलांतर. इथे रत्नागिरी जिल्हा घेऊन हिशेब करून पाहा. २००१ मध्ये १६,९६,७७७, २०११ मध्ये १६,१५,०६९. म्हणजे ८१,७०८ माणसं कमी, ४.८२ टक्के घट. पण जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच असतात. नैसर्गिक वाढ वर्षाला हजारी ८ गृहीत धरली तर दहा वर्षांत सुमारे १.३ लाखांची भर पडायला हवी होती. म्हणजे निव्वळ बाहेर गेलेले सुमारे २.१ लाख. गृहीत दर बदलून, ६ आणि १० घेऊन, पुन्हा करा. उत्तर एका आकड्यात न देता पट्ट्यात द्या. कारण सांगतानाही जपून. कोकणची मनीऑर्डर सुधारणांपेक्षा कितीतरी जुनी आहे. त्याच दशकात मुंबई शहर जिल्हा ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरला आणि ठाणे ३६ टक्क्यांनी वाढलं. गिरण्यांच्या जमिनी, भाड्याच्या खोल्या, लोकलचा पास यांचा हिशेब यात आहे, आणि तो कोकणातल्या शाळांच्या पटसंख्येपर्यंत पोचतो.

जिल्ह्यांच्या सीमा तपासल्याशिवाय टक्केवारी काढू नका. नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून, त्याच वर्षी वाशीम, आणि हिंगोली व गोंदिया १९९९ मध्ये वेगळे झाले; पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून. १९९१ चा धुळे आणि २००१ चा धुळे हे एकच जिल्हे नव्हेत, तालुके जोडूनच तुलना करावी लागते. २०११ नंतरची जनगणना २०२७ ची असल्याने मधल्या वर्षांचे आकडे प्रक्षेपित, म्हणजे जुन्या जनगणनेवरून अंदाजाने काढलेले, असतात. माणशी खर्च काढताना तळाशी तसं लिहा.

दावा किती मोठा करायचा

शेजारचा असा तालुका घ्या जिथे बदल झाला नाही किंवा उशिरा झाला. दोन्हीकडचा आधीचा आणि नंतरचा आकडा घ्या. तुमच्या तालुक्यातली वाढ वजा शेजारची वाढ, एवढाच भाग बदलाच्या नावावर टाका. शेजारी न मिळाल्यास ‘परिणाम’ हा शब्द वापरू नका, ‘याच काळात’ एवढंच म्हणा.

लेखन तीन थरांत करा. ‘औषधांवरचा माणशी खर्च १६ टक्क्यांनी घटला’ हे कागदावरून सिद्ध. ‘त्या वर्षांत बाहेरून औषध आणणारी घरं वाढली आणि साठा संपलेल्या महिन्यांत जास्त वाढली’ हे भक्कम. ‘त्यामुळे मृत्यू वाढले’ यासाठी जिल्ह्याचे आकडे सहसा पुरत नाहीत, आणि पुरत नाहीत म्हणून पहिले दोन थर कमकुवत होत नाहीत. सावकाराकडे गेलेला दागिना हे स्वतंत्र नुकसान आहे, ते मोजायला मृत्यूची वाट पाहावी लागू नये.

अहवाल आधी त्याच गावांच्या ग्रामसभेत मराठीत वाचा, मग जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीकडे द्या. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, म्हणून औषध आणि पदांच्या मागण्या डिसेंबरच्या आत, लेखाशीर्षाच्या क्रमांकासह पोचल्या पाहिजेत. छापताना मृत्यूंची माहिती गावाच्या नावाने देऊ नका. वर्षाला एकच बाळ दगावलं असेल तर ते कोणाचं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. आकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर एकत्र करा आणि घरांच्या मुलाखतींचे मूळ कागद नावाचा भाग कापून ठेवा.